निविदेवांचून दिलेला मक्ता

जुन्या बाजारांतील एक रीत पुष्कळांच्या ऐकिवांत असेल. शेतकऱ्याची गाडी बाजारांत उभी राही, दलाल आणि व्यापारी आपले हात एका रुमालाखालीं घेत, बोटें दाबून भाव ठरे. आणि ज्याचा माल, त्याला तो भाव सर्वांत शेवटीं कळे. बाजाराला कांहीं नियम असावे, वजनें खरीं असावीं, व्यवहार उघड व्हावा, यासाठीं १८८६ सालीं वऱ्हाडांत कारंजा येथें पहिला नियंत्रित बाजार निघाला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा अमलांत आला. हिंदुस्थानांत अशा प्रकारचा तो पहिलाच कायदा. आजचा यवतमाळ जिल्हा त्या वेळीं वऱ्हाडांतच होता. त्याचें नांव मात्र वणी जिल्हा असें होतें. यवतमाळ हें नांव त्यास १९०५ सालीं मिळालें.

माल विकणाऱ्याला उघडा भाव मिळाला पाहिजे, ही गोष्ट याप्रमाणें सरकारनें शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं मान्य केली. मग सरकार स्वतः जेव्हां विकत घेणारें होतें, तेव्हां भाव कोठें ठरावा? रस्ता, शाळेची खोली, पाण्याची टाकी, दवाखान्यांतील औषध, अंगणवाडींतील मुलांचा खाऊ, हें सर्व सरकार कोणाकडून तरी घेतच असतें. घेणारा अधिकारी दुसऱ्याच्या पैशानें घेतो. स्वतःच्या घरीं बैल घ्यावयाचा तर जो मनुष्य चार बाजार पालथे घालील, तोच मनुष्य कचेरीच्या खुर्चींत बसला म्हणजे पहिल्याच बैलाचे दांत न पाहतां सही करतो, असा अनुभव सर्व काळीं आणि सर्व देशांत आलेला आहे. म्हणून निविदेची पद्धति निघाली. कामाचा तपशील जाहीर करावयाचा, ज्याला तें करावयाचें असेल त्यानें ठराविक मुदतींत आपला दर मोहोरबंद लखोट्यांत द्यावयाचा, आणि सर्वांसमक्ष लखोटे उघडून, पात्र मक्तेदारांपैकीं ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम द्यावयाचें. आतां लखोट्याची जागा संगणकावरील ई-निविदेनें घेतली आहे. तत्त्व तेंच आहे.

परंतु सर्वच कामें या वाटेनें जात नाहींत, आणि सर्वांनीं जावें असा कायद्याचाही आग्रह नाहीं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांपैकीं १६६ वा नियम एकाच पुरवठादाराकडे जाण्यास तीन कारणें मान्य करतो. ती वस्तु बनविणारा एकच कारखाना असेल. किंवा तातडीचा प्रसंग असेल. किंवा जें यंत्र आधींच घेतलेलें आहे त्याच्याशीं जुळणारेच भाग हवे असतील. तिन्ही प्रसंगीं कारण लेखी नमूद झालें पाहिजे. राज्यांच्या खरेदीच्या नियमांतही याच धर्तीचे अपवाद आढळतात.

या बाबतींत न्यायालयानें घालून दिलेली मर्यादा ध्यानांत घेण्यासारखी आहे. मुंबईच्या विमानतळावरील उपाहारगृहाच्या मक्त्यावरून एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्याला मक्ता मिळाला होता तो निविदेंतील अनुभवाच्या अटींत बसत नव्हता. १९७९ सालीं न्या. भगवती यांनीं निर्णय दिला कीं, सरकार हें एखाद्या खासगी गृहस्थाप्रमाणें मर्जीस येईल त्याशीं व्यवहार करूं शकत नाहीं, आणि स्वतः घातलेली अट स्वतःच मोडूं शकत नाहीं. मौज अशी कीं, तत्त्व जिंकलें आणि वादी हरला. तो उशीरा आला होता, मक्तेदाराचा तोंवर बराच खर्च होऊन गेला होता, आणि वाद्याच्या हेतूविषयींही न्यायालयास शंका होती. पुढें २०१२ सालीं राष्ट्रपतींनीं विचारलेल्या प्रश्नास उत्तर देतांना याच न्यायालयानें असेंही सांगितलें कीं, नैसर्गिक संपत्ति देण्याचा लिलाव हा एकच घटनामान्य मार्ग नव्हे. म्हणजे निविदा नाहीं एवढ्यावरून चोरी झाली असें ठरत नाहीं. तपासणीचें खरें काम येथूनच सुरू होतें, आणि तें दिसतें त्याहून अवघड आहे.

अवघड कां, हें पाहावें. निविदा झालेल्या कामाच्या तपासनिसापाशीं एक आयतें माप असतें. दुसऱ्या आणि तिसऱ्या मक्तेदाराचा दर त्याच्या समोर असतो. निविदेवांचून दिलेल्या कामांत हें मापच नाहीं. शंभर रुपयांची वस्तु दीडशेंना घेतली असा संशय आला, तरी ती कोणी शंभरांत दिली असती हें दाखविणारा कागद कोठेंच नसतो. दुसऱ्या बोलीच्या जागीं फाइलींत कारण सांगणारा एक कागद मात्र असतो. जो व्यापारी बाजारांत आलाच नाहीं, त्याच्या वतीनें हा कागद उभा असतो; आणि तपासनिसाला उलटतपासणी करावयाची ती त्याचीच.

त्या कागदावर सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे तारीख. समजा, एखाद्या कचेरीनें अत्यंत तातडी म्हणून पाण्याचे पंप एकाच दुकानदाराकडून घेतले. तपासनीस प्रथम पंपाची किंमत पाहत नाहीं. तो मागणी कधीं आली, मंजुरी कधीं मिळाली, पंप भांडारांत कधीं पोंचले, आणि विहिरीवर कधीं बसले, या चार तारखा एका ओळींत लिहून काढतो. मागणी जूनची, मंजुरी फेब्रुवारीची, पैसे ३१ मार्चला आणि पंप अजून भांडारांतच, अशी ओळ निघाली तर तातडी कोणाची होती हें निराळें सांगावें लागत नाहीं. तातडी तहानलेल्या गांवाची नव्हती. मार्चअखेर परत जाणाऱ्या पैशाची होती.

यवतमाळकरांस हें सांगण्याचें विशेष कारण आहे. २०१८ च्या उन्हाळ्यांत शहरास पाणी पुरविणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही तलाव आटले, आणि घागरी घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या रांगा गल्लोगल्लीं लागल्या. अशा वेळीं अधिकाऱ्यानें लखोट्यांची मुदत मोजीत बसावें असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु एक भेद विसरूं नये. पूर अचानक येतो. उन्हाळा अचानक येत नाहीं. तो पंचांगांत छापलेला असतो. पाऊस किती पडला हें ऑक्टोबरांत कळतें, विहिरींची पातळी त्याच सुमारास मोजतात, आणि टंचाईचा आराखडा करावयाचा असतो तोही एवढ्याचसाठीं. जें गांव वर्षामागून वर्ष टँकरच्या यादींत येतें, त्याचा टँकर पुढल्या एप्रिलांत ‘अकल्पित’ म्हणून कसा लिहावा? तहान लागल्यावर विहीर खणणें हा आळस झाला. तहान लागेपर्यंत थांबून राहिलें म्हणजे विहीर कोणाकडून खणवावी हें कोणी विचारणार नाहीं, हा हिशेब निराळा. आणि आळस कोणता व हिशेब कोणता हें निवडणें हीच तपासनिसाची विद्या.

टँकरच्या खेपांचें गणित तर चौथींतील मुलासही करतां येण्यासारखें आहे. भरण्याच्या जागेपासून गांव किती लांब, टाकी भरण्यास किती वेळ, रिकामी होण्यास किती वेळ, हें धरून एका खेपेस तीन तास लागत असतील, तर चोवीस तासांत आठांहून अधिक खेपा होऊं शकत नाहींत, आणि चालकाला झोंप ही लागतेच. नोंदवहींत दहा खेपा लिहिलेल्या असतील, तर दोन खेपा पाण्याच्या नव्हत, शाईच्या होत. दर खरा कीं खोटा हें ठरविण्यास दुसरी बोली नसली, तरी काम झालें कीं नाहीं हें ठरविण्यास ती लागत नाहीं.

निविदेचा दरवाजा उघडा असून त्यास वळसा घालण्याची दुसरी रीत म्हणजे कामाचे तुकडे पाडणें. तीन लाख रुपयांवरील कामास ई-निविदा हवी, अशी राज्यांत मर्यादा होती त्या काळांतील एक कल्पित उदाहरण घेऊं. गांवांतला एक रस्ता, अंदाजपत्रक ८ लाख ४० हजारांचें. त्याचीं तीन कामें होतात : शाळेपासून मारुतीच्या देवळापर्यंत, देवळापासून विहिरीपर्यंत, आणि विहिरीपासून नाल्यापर्यंत. प्रत्येक काम २ लाख ८० हजारांचें. तीन फाइली, तीन मंजुऱ्या. कोणत्याही एका फाइलींत दोष सांपडावयाचा नाहीं. तपासनिसानें तिन्ही फाइली शेजारीं ठेवल्या पाहिजेत. मग मोजमाप पुस्तकांतील साखळी क्रमांक एकाचा जेथें संपतो तेथें दुसऱ्याचा सुरू झालेला दिसतो, मोजणीची तारीख तीच, मक्तेदार तोच, आणि मारुतीच्या देवळापाशीं रस्ता कोठेंही तुटलेला नसतो. या उदाहरणांतला रस्ता कल्पित आहे. युक्ति कल्पित नाहीं, आणि हिशेबतपासणीच्या अहवालांत ती वारंवार येते. तिला ‘कामाचें विभाजन’ असें सभ्य नांव आहे.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. लहान कामांपैकीं कांहीं निविदेवांचून देण्यांत सरकारचा हेतु चांगलाही आहे. महाराष्ट्रांत अशा कामांचे तीन वांटे करून कांहीं मजूर सहकारी संस्थांना, कांहीं सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, आणि उरलेलीं नोंदणीकृत मक्तेदारांना देण्याची वहिवाट आहे. काम वाटप समिति तें वांटते. दगड फोडणाऱ्या मजुरांनीं एकत्र येऊन मक्तेदाराचा नफा आपसांत वांटून घ्यावा, यांत गैर काय? उलट ज्यांच्यापाशीं अनामत भरण्यास पैसा नाहीं, त्यांस उघड्या बाजारांत ढकलणें हीच कित्येकदां अन्यायाची गोष्ट होते. परंतु म्हणूनच अशा कामाच्या तपासणींत दरापेक्षां हजेरीपट अधिक बारकाईनें पाहावयास हवा. संस्थेचे सभासद खरोखर मजूर आहेत काय? कामावर त्यांचेच हात होते, कीं फलकावर संस्थेचें नांव आणि मागें जुनाच मक्तेदार? सवलत मजुरासाठीं ठेवली असतां ती दुसऱ्यानें खाल्ली, तर नुकसान तिजोरीचें होतें त्याहून मजुराचें अधिक होतें.

आतां मोठ्या कामांकडे वळावें. तेथें निविदा निघते. परंतु निविदा निघाली म्हणजे स्पर्धा झालीच असें नव्हे. सार्वजनिक बांधकामाच्या बी-१ नमुन्याच्या करारांत ३८ वें कलम आहे. जमिनीच्या पोटांत काय निघेल हें आधीं सांगतां येत नाहीं, म्हणून ठरल्यापेक्षां काम कांहीं अंशीं वाढलें तर तें त्याच मक्तेदारानें करावें अशी त्यांत सोय आहे. वाढ पंचवीस टक्क्यांच्या वर गेली म्हणजे त्या जादा कामाचा दर निराळा ठरतो. याशिवाय मूळ निविदेंत नसलेल्या बाबी ‘जादा बाब’ म्हणून मंजूर होतात. सोय आवश्यक आहे, यांत शंका नाहीं. तथापि स्पर्धा झाली ती मूळ कामापुरती. नंतर वाढलेलें काम त्याच हातीं, दुसरा कोणी न विचारतां गेलें. निविदेच्या पोटांतच निविदेवांचूनचें काम जन्मास येतें तें असें.

यवतमाळ आणि नांदेड यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेवर निम्न पैनगंगा प्रकल्प योजिलेला आहे. १९९७ सालीं त्यास मान्यता मिळाली तेव्हां खर्चाचा अंदाज सुमारें १,४०२ कोटि रुपये होता. २००९ सालीं सुधारलेला अंदाज सुमारें १०,४२९ कोटींवर गेला. बारा वर्षांत सातपटींहून अधिक. त्याच वर्षीं विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांचा खर्च कांहीं महिन्यांच्या अवधींत सुमारें ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेण्यास मंजुरी देण्यांत आली. महागाई, भूसंपादनाचे वाढलेले दर, आराखड्यांतील फेरफार हीं वाढीचीं खरीं कारणें असूं शकतात. पण खरें कारण आणि सोयीचें कारण यांची वेगवेगळी बेरीज करून दाखविणें, हेंच तर हिशेबतपासणीचें काम. २०१२ सालीं मुख्य अभियंता विजय पांढरे यांनीं या खात्याच्या कारभाराविषयीं वरिष्ठांस पत्रें लिहिलीं, त्यावरून राज्यभर वादळ उठलें, सरकारनें श्वेतपत्रिका काढली, आणि त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशीं जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी पथक नेमण्यांत आलें. त्याचा अहवाल २०१४ सालीं आला; पुढें लांचलुचपत प्रतिबंधक खात्याची चौकशीही झाली. या सर्व काळांत पैनगंगेच्या कांठीं दोन प्रकारचीं गांवें वाट पाहत राहिलीं : कांहीं कालव्याच्या पाण्याची, आणि कांहीं आपल्या घरावर येऊं पाहणाऱ्या पाण्याची. बुडणाऱ्या गांवांनीं तर या धरणास विरोधच केला आहे. खर्चाचा आंकडा खरा कीं फुगलेला हें दोघांनाही कोणी वेळेवर सांगितलें नाहीं.

मोठ्या शहरांतही याहून निराळें चित्र नाहीं. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनीं मुंबई महानगरपालिकेच्या नऊ खात्यांच्या कारभाराची विशेष तपासणी केली. तिचा अहवाल २५ मार्च २०२३ रोजीं विधिमंडळांत ठेवण्यांत आला. नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळांतील सुमारें १२,०२४ कोटि रुपयांच्या कामांचा हा विषय होता. त्यांत दोन खात्यांनीं २१४ कोटि ४८ लाख रुपयांचीं २० कामें निविदा न मागवितां दिल्याचें आढळलें, आणि सुमारें ४,७५६ कोटींच्या ६४ कामांत मक्तेदाराशीं लेखी करारच झालेला नव्हता. करोनाच्या सांथींतील सुमारें ३,५३८ कोटींचा खर्च मात्र तपासतां आला नाहीं. १८९७ च्या सांथरोग कायद्याचा आधार सांगून महापालिकेनें ते कागद देण्याचें नाकारलें. सन १८९७ चा असा हा दुसरा कायदा. त्याच वर्षींच्या एका कायद्यानें वऱ्हाडांतला बाजार उघड केला, आणि दुसऱ्याच्या आधारें सव्वाशें वर्षांनंतर मुंबईंतली वही मिटली गेली, हा योगायोग चमत्कारिक खरा. आणीबाणींत निविदा टाळतां येते. आणीबाणी संपल्यावर हिशेबही टाळतां येतो काय, हा प्रश्न उरतोच. निविदा नव्हती म्हणून तर हिशेब अधिक हवा.

यवतमाळपुरतें पाहिलें तर ही तपासणी दोन ठिकाणांहून होते. सरकारी कचेऱ्यांचे हिशेब महालेखापालांच्या नागपूर येथील कार्यालयाकडून तपासले जातात. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायती यांचे हिशेब स्थानिक निधि लेखापरीक्षा खातें पाहतें, ज्याचा मूळ कायदा १९३० सालचा आहे. जिल्हा परिषदा ज्या समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजीं अस्तित्वांत आल्या, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे याच जिल्ह्यांतील, पुसदजवळच्या गहुलीचे. कामें आणि पैसा गांवाजवळ आणावा, म्हणजे लोकांची नजरही जवळ येईल, अशी त्या रचनेमागची अपेक्षा होती. काम जवळ आलें. नजर येण्यास अधिक वेळ लागला.

तपासनीस येतो, वह्या पाहतो, आणि शंका आली तेथें ‘अर्धसमास’ देतो. कागदाच्या एका बाजूस त्याचा प्रश्न, दुसरी बाजू कचेरीच्या उत्तरासाठीं कोरी. उत्तर पटलें नाहीं म्हणजे परिच्छेद होतो, रक्कम आक्षेपाधीन ठरते, आणि अहवाल वर जातो. कांहीं परिच्छेद लोकलेखा समितीपुढें किंवा पंचायत राज समितीपुढें पोंचतात. पुष्कळसे मात्र त्या कोऱ्या अर्ध्या बाजूवरच अडतात. ‘कागदपत्रें शोधून सादर करण्यांत येतील’, ‘संबंधित कर्मचारी सेवानिवृत्त झाले’, अशीं उत्तरें वर्षानुवर्षें फिरत राहतात, तोंवर रस्ता दोनदां वाहून जातो आणि तिसऱ्यांदा बांधला जातो. म्हणून निविदेवांचून दिलेल्या कामाची तपासणी पांच वर्षांनीं करणें म्हणजे पीक कापून नेल्यावर राखण करणें होय. केंद्रीय दक्षता आयोगानें ५ जुलै २००७ च्या परिपत्रकांत याचसाठीं असें सुचविलें कीं, सार्वजनिक संस्थांनीं निविदेवांचून दिलेलीं कामें संचालक मंडळापुढें मांडावीं, आणि त्यांतील निदान दहा टक्के कामें लेखापरीक्षा समितीनें तपासावीं. हाच नियम जिल्हा परिषदेच्या सभेस लावण्यास फारसा खर्च येणार नाहीं. निविदेवांचून दिलेल्या कामांची यादी, प्रत्येकापुढें कारण, आणि कारणापुढें त्याची तारीख, एवढें एक पान प्रत्येक सभेच्या टेबलावर असावें.

तोंवर गांवकऱ्याच्या हातीं जें आहे तें थोडें नाहीं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें केवळ कागदाची प्रत मिळते असा सर्वत्र समज आहे. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमांतील ‘ञ’ हें उपकलम वाचलें तर त्यांत कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिलेला आढळतो. दहा रुपयांचा अर्ज करून शाळा-ते-देऊळ रस्त्याचें मोजमाप पुस्तक पाहतां येतें, निविदा कां नाहीं याचें कारण लिहिलेला कागद मागतां येतो, आणि त्या रस्त्यांत घातलेल्या मुरुमाचा नमुना अधिकाऱ्याच्या सहीनिशीं थैलींत बांधून घेतां येतो. मुरूम कोणत्या खाणींतून आणल्याचें लिहिलें आहे, ती खाण किती लांब आहे, आणि तिच्यांतल्या मुरुमाचा रंग कोणता, हें त्या गांवच्या गाडीवानाला नागपूरच्या तपासनिसापेक्षां अधिक चांगलें ठाऊक असतें. ती थैली आणि मोजमाप पुस्तकाची प्रत ग्रामसभेंत एकाच टेबलावर ठेवावी, आणि मग दोघांनीं फीत धरून, सर्वांच्या देखत, देवळापासून विहिरीपर्यंत चालत जावें.